रॉयब्केचा सोनाटा मेर्झेबुर्गच्याच ऑर्गनवर ऐकावा का?

खर्जनर

ऑर्गन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. मीही त्याच सुरांवर वाढलो. चर्चमधल्या पाइप ऑर्गनकडे वळलो ते फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर. गेली काही वर्षं एकोणिसाव्या शतकातले ऑर्गन सोनाटे, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना, नेमाने ऐकतोय आणि त्यातून एक मत पक्कं झालंय. ते इथे मांडतो. पटलं नाही तर खोडून काढा.

माझं मत असं की रोमँटिक काळातला ऑर्गन सोनाटा पहिल्यांदा ऐकायचा तर त्याच काळातल्या ऑर्गनवर, आणि जमलं तर ज्या ऑर्गनसाठी तो लिहिला त्याच ऑर्गनवर झालेल्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकावा. पुढे कुठेही ऐका.

युलियुस रॉयब्के या जर्मन संगीतकाराचा, बायबलमधल्या स्तोत्रावर बेतलेला '९४व्या स्तोत्रावरचा सोनाटा' घ्या. रॉयब्के संगीतकार फ्रान्झ लिस्टचा शिष्य. वडील आडोल्फ रॉयब्के ऑर्गन बांधणारे, म्हणजे पोरगा पाइप आणि भात्यांच्या कारखान्यातच वाढलेला. जर्मनीतल्या मेर्झेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये फ्रीडरिश लाडेगास्टने बांधलेला ८१ स्टॉपचा (स्टॉप म्हणजे खटका ओढून उघडायचा एका जातीच्या पाइपांचा संच) ऑर्गन १८५५ मध्ये वाजू लागला. त्याच ऑर्गनवर १७ जून १८५७ रोजी रॉयब्केने हा सोनाटा स्वतः पहिल्यांदा वाजवला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला. वय २४.

या रचनेची दोन रेकॉर्डिंग्ज मी पाठोपाठ ऐकली. एक मेर्झेबुर्गचं. दुसरं विसाव्या शतकाच्या मध्यावर, बरोक म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या धाटणीने बांधलेल्या एका ऑर्गनवरचं. दुसऱ्यातला वादक माझ्या मते जास्त तयारीचा आहे. तरीही सुरुवातीच्या संथ भागातच फरक कळतो. तिथे आवाज हळूहळू दाट व्हायला हवा. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर नुसत्या नर सुरावर वाजवत असताना खर्ज उघडावा, आवाज चढू नये पण अंगाने भरावा, तसं. लाडेगास्टकडे सुराच्या एकाच उंचीचे, सगळ्यात लांब पाइपच्या मापावरून 'आठ फुटी' म्हणतात ते, अनेक स्टॉप आहेत. कुणी बासरीसारखा, कुणी तंतुवाद्यासारखा, कुणी नुसता घुमणारा. ते एकावर एक चढत जातात आणि नवा स्टॉप कधी आला ते कानाला कळतही नाही. बरोक धाटणीच्या ऑर्गनवर आवाज वाढवायचा तर वरच्या सप्तकांतले तीक्ष्ण पाइप उघडावे लागतात. मग प्रत्येक वाढ पायरीसारखी जाणवते. स्तोत्रातला माणूस देवाकडे न्याय मागतोय, त्याचा संताप आतून वर यायला हवा. इथे तो ठोकळ्या-ठोकळ्याने येतो.

रॉयब्केने लिहिलंय काय, हेच मला मेर्झेबुर्गचं रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत कळलं नव्हतं.

पार्लेकर

मुळीच पटत नाही. रचना कागदावर असते, लाकडात आणि कथलात नाही. बीथोव्हेनचे पियानो सोनाटे त्याच्या काळच्या पियानोवरच आधी ऐका असं कुणी सांगितलं तर आपण मान डोलावू आणि आजच्या पियानोवरचं रेकॉर्डिंग लावू. ऑर्गनलाच वेगळा नियम का?

दुसरं, तुम्हीच कबूल करताय की दुसरा वादक जास्त तयारीचा आहे. वाद्य जुनं म्हणून कमी तयारीच्या वादकाला पुढे बसवायचं, यातून श्रोत्याचं नुकसानच होतं.

लाइपझिगकर

पार्लेकर, तुमची पियानोची तुलना इथे चालत नाही. कुठलाही पियानो कुठल्याही खोलीत ठेवला तरी पियानोच असतो. ऑर्गन त्या इमारतीसाठी बांधतात. पाइपची रुंदी, हवेचा दाब, तोंडाची कापणी, सगळं त्या जागी बसून ठरतं. त्याला स्वर लावणं म्हणतात तेही तिथेच होतं, कारखान्यात नाही.

मी लाइपझिगला राहतो. मेर्झेबुर्ग इथून जवळच, हालेच्या दक्षिणेला, झाले नदीच्या काठावर उंचावर. दोनदा गेलोय. ऑर्गनचा दर्शनी भाग बरोक काळातला, देवदूत आणि सोनेरी नक्षी, आणि आवाज मात्र १८५५ चा. पहिल्यांदा डोळ्यांनी पाहून जे वाटलं होतं त्याच्याशी कानांचं जुळेना.

दुसऱ्या वेळी वादकाशी बोलून वर जायला मिळालं. रॉयब्के नव्हता त्या दिवशी, पण जे वाजत होतं त्यात स्टॉप इतक्यांदा बदलायचे होते की वादकाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा होता. पानावर पेन्सिलीने खुणा केलेल्या. वादकाने मान हलवली की डावीकडच्याने चार खटके एकदम ओढायचे. त्या खटक्यांचा लाकडी आवाज खाली बसलेल्यांना ऐकू जात नाही, वर मात्र तो संगीताच्या तालात मिसळलेला असतो. उजवीकडची बाई ओढण्याआधी प्रत्येक वेळी श्वास रोखून धरत होती.

माइकमागचा

मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो. शास्त्रीय गायन जास्त, पण पाश्चात्त्य वृंदसंगीतही केलंय. खर्जनर, तुम्ही दोन ऑर्गनांची तुलना केली असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते तुम्ही दोन माइक-मांडण्यांची तुलना केलीत.

मोठ्या चर्चमध्ये माइक ऑर्गनजवळ लावले तर खटके, कळांची खडखड, भात्याची हवा, सगळं येतं आणि प्रत्येक स्टॉपची 'पायरी' स्पष्ट होते. मागे नेले तर भिंतींवरून परतलेला आवाज सगळं गुळगुळीत करतो. तुम्हाला जी 'दाट होत जाणारी' सुरुवात आवडली ती काही मीटरच्या अंतराची करामत असू शकते. आणि तुम्ही ऐकता कशावर? ३२ फुटी पाइपचा सगळ्यात खालचा षड्ज सुमारे १६ हर्ट्झचा असतो. फोन सोडाच, घरातले बहुतेक स्पीकरही तो वाजवत नाहीत. म्हणजे ज्या वाद्याच्या सच्चेपणाबद्दल तुम्ही बोलताय त्याचा तळ तुमच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

जुन्या ऑर्गनांवर रेकॉर्डिंग व्हायला माझा विरोध नाही, उलट जितकी होतील तितकी हवीत. पण 'हाच खरा आवाज' हा दावा रेकॉर्डिंगच्या बाबतीत करू नये.

चौकस

'त्याच ऑर्गनवर' म्हणताना तो ऑर्गन तोच उरलाय का, हे आधी पाहा. संगीतकार सेझार फ्रांक पॅरिसच्या सेंत-क्लोतिल्द चर्चमध्ये काव्हाये-कोल या फ्रेंच कारागिराने बांधलेल्या ज्या ऑर्गनवर वाजवायचा, तो १८५९ चा. १९३३ मध्ये त्यात बदल झाले, १९६२ मध्ये तो विजेवर चालू लागला. म्हणून फ्रांकचं संगीत 'अस्सल' ऐकायचं तर लोक त्याच्या चर्चमध्ये न जाता काव्हाये-कोलच्या दुसऱ्या, कमी बदललेल्या ऑर्गनांकडे वळतात. तुलूझ शहरातल्या सें-सेर्नँ चर्चकडे, नाहीतर कॉँ शहरातल्या सेंत-एत्येनकडे. मेर्झेबुर्गही जीर्णोद्धार होऊनच आज वाजतोय. भाते हाताने कुणी ओढत नाही, हवा विजेच्या पंख्याने येते.

आणि एक. रॉयब्केचा सोनाटा छापला गेला १८७१ मध्ये, तो गेल्यावर तेरा वर्षांनी, भाऊ ओटो याच्या संपादनातून. त्या संध्याकाळी त्याने नेमके कोणते स्टॉप ओढले हे छापील पानावरून कळत नाही. ऑर्गन तोच मिळाला तरी ती संध्याकाळ मिळत नाही.

वसईवाला

मी वसईचा, आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला कीबोर्ड वाजवतो. पाइप ऑर्गनवर माझी बोटं आजवर पडलेली नाहीत. तरी या चर्चेत बोलावंसं वाटलं, कारण तुम्ही सगळे रॉयब्केवरच थांबलात. मेंडेलसोनचं काय?

या जर्मन संगीतकाराचे सहा सोनाटे, ओपस ६५, १८४५ चे. एका इंग्लिश प्रकाशकाने मागितले म्हणून लिहिलेले. प्रकाशकाला 'व्हॉलंटरी', म्हणजे इंग्लिश चर्चमध्ये उपासनेच्या आधी-नंतर वाजवायच्या रचना, हव्या होत्या, पण त्या शब्दाचा नेमका अर्थ आपल्याला कळत नाही असं सांगून मेंडेलसोननेच सोनाटा हे नाव सुचवलं. आता यांचा 'मूळ' ऑर्गन कोणता? लाइपझिगचा? इंग्लंडमधला? तिथे त्या काळी कित्येक ऑर्गनांना धड पेडलही, म्हणजे पायाने वाजवायच्या कळाही, नव्हते. त्याने प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की एकाच नावाचा स्टॉप वेगवेगळ्या ऑर्गनांवर सारखा वाजत नाही. म्हणून त्याने स्टॉपची नावं न देता फक्त किती जोर हवा ते सांगितलं आणि बाकी वाजवणाऱ्यावर सोपवलं.

सहाव्या सोनाट्यात 'फाटर उन्झर', म्हणजे प्रभूची प्रार्थना, या जुन्या गीताच्या चालीवर विस्तार आहेत. पण सगळा गडगडाट, सगळी फ्यूग (एकच सुरावट एकामागून एक आवाजांत फिरवत नेणारा भाग) झाल्यावर तो शेवट करतो एका शांत आन्दान्तेने, म्हणजे संथ चालीच्या भागाने. मिस्सा संपून लोक बाहेर पडत असतात तेव्हा मी ती वाजवतो. पेडल नाहीत, म्हणून खालचा सूर डाव्या हाताच्या करंगळीने धरून ठेवतो आणि मधला आवाज अंगठ्याने सांभाळतो. दोनदा तरी करंगळी सुटते. एका रविवारी एक म्हातारी बाई शेवटच्या बाकावर परत येऊन बसली आणि ती संपेपर्यंत उठली नाही. तिला लाडेगास्ट ठाऊक नाही, मेंडेलसोनही नाही. संगीत पोचलं नाही असं तुम्ही म्हणाल का?

खर्जनर

वसईवाला, पोचलं. त्यावर वाद नाही, आणि करंगळीचं वाचून मीही पेटीवर तो सूर धरून पाहिला.

पण मेंडेलसोनची ती प्रस्तावना मी नेमकी उलटी वाचतो. नावं दिली नाहीत हे खरं. पण पुढे तो काय सांगतो? अगदी हळू म्हणजे एकच मऊ आठ फुटी स्टॉप. हळू म्हणजे तसे काही एकत्र. पेडलमध्ये, वेगळं सांगितलं नसेल तर, कायम सोळा आणि आठ फुटी जोडीने, अगदी हळू वाजवतानाही. म्हणजे आपलं खर्ज-नर, सतत. ज्याला कुठलाही आवाज चालतो तो असं लिहीत नाही. त्याच्या कानात एक रंग ठरलेला होता, तो दुसऱ्याच्या वाद्यावर कसा आणायचा ते तो सांगतोय.

माइकमागचा, तुमचा मुद्दा मला लागला. त्यावर विचार करतोय.

घरचा_पेडल

तिसरी बाजू मांडतो. मी न्यू जर्सीत राहतो. घरी तीन कळपट्ट्या आणि पेडल, संगणकावर हाउप्टवेर्क नावाचं ऑर्गनचं सॉफ्टवेअर, त्यात कॉँच्या काव्हाये-कोल ऑर्गनचा एकेक पाइप वेगवेगळा ध्वनिमुद्रित केलेला. मी त्यावर गिलमाँ या फ्रेंच संगीतकाराचा पहिला सोनाटा वाजवतो. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यापेक्षा मी त्या ऑर्गनच्या जास्त जवळ आहे, कारण कुठला स्टॉप कुठे उघडायचा हे मला ठरवावं लागतं.

उणीव कुठे जाणवते तेही सांगतो. खऱ्या ऑर्गनवर भरपूर स्टॉप उघडून मोठा कॉर्ड धरला की सगळे पाइप एकाच हवेवर जगतात, आणि ती हवा किंचित दबते, सावरते. संगणक त्याची नक्कल करतो. माझ्या कानाला मात्र प्रत्येक पाइप आपापल्या खोलीत एकटा वाजतोय असंच वाटतं.

पार्लेकर

लाइपझिगकर, इमारतीबद्दलचं मान्य, पियानोची तुलना मागे घेतो. पण मग तुमचा मुद्दा रेकॉर्डिंगच्याच विरुद्ध जातो. ऑर्गन आणि इमारत एकच असतील तर ते मेर्झेबुर्गला जाऊन ऐकावं. पार्ल्यातल्या माझ्या खोलीत ती इमारत येत नाही.

लाइपझिगकर

येते, थोडी तरी येते. फ्रेंच संगीतकार व्हिडोरने १९३२ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, पॅरिसच्या सें-सुल्पिस चर्चमध्ये स्वतःची टोकाटा, म्हणजे भरधाव सुरांची रचना, रेकॉर्ड केली. तो ऑर्गन काव्हाये-कोलचा, १८६२ चा, आणि व्हिडोर त्यावर साठेक वर्षं बसलेला. रचना सोनाटा नाही, सिंफनीतली आहे, पण मुद्दा तोच. आवाज जुना, खरखरीत. तरी त्यात एक गोष्ट स्वच्छ कळते. आज लोक ती ज्या वेगाने पळवतात त्याच्या बऱ्याच खाली तो ती वाजवतो, आणि त्या वेगात सुटे सूर त्या प्रचंड घुमाऱ्यातही एकेक मोजता येतात. लोक म्हणतात वयामुळे हात हळू झाला. मला वाटतं तो त्या भिंतींना उत्तर द्यायला वेळ देतोय. कागदावरून हे मला कधीच कळलं नसतं.

माइकमागचा

हे उदाहरण चांगलं आहे. १९३२ च्या माइकवरूनही वेग कळतो, कारण वेग माइकवर अवलंबून नसतो. पण स्टॉपचा रंग असतो. खर्जनर वेगाबद्दल बोलले असते तर मी आडवा आलोच नसतो. त्यांचा दावा रंगाचा आहे.

खर्जनर, एक करा. दोन्ही रेकॉर्डिंग्जचा आवाज सारखा करा, कुठलं कुठलं ते दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या, आणि तुकडे करून ऐका.

खर्जनर

केलं. काल रात्री बायकोने तुकडे लावले, मी भिंतीकडे तोंड करून बसलो. स्पीकर तेच, आवाज मोजून सारखा केला.

जे निघालं ते जसंच्या तसं सांगतो. ज्या सुरुवातीवर मी एवढं लिहिलं, तिथे पाचांपैकी दोनदा चुकलो. मधल्या संथ आदाज्योत तर मला काहीच ठरवता येईना, मी नुसता ऐकत बसलो आणि ती दोनदा विचारून गेली. पण फ्यूगच्या शेवटच्या पानांवर, जिथे सगळा ऑर्गन उघडलेला असतो, तिथे पाचही वेळा बरोबर. मेर्झेबुर्गचा पूर्ण आवाज तळातून रुंद होत येतो, दुसऱ्याचा वरून चमकतो. हा फरक माइक पुढेमागे करून येणार नाही असं मला अजूनही वाटतं.

सुरुवातीबद्दलचा दावा मागे घेतो. शेवटाबद्दलचा ठेवतो.

पार्लेकर

मी ठेवू देणार नाही. आठ फुटी स्टॉप भरपूर असलेला एखादा नवा ऑर्गन घ्या, आज असे बांधले जातात, आणि तीच पानं त्यावर ऐका. तिथेही तळातून रुंद येणारच. मग ते श्रेय जुनेपणाचं नाही, मांडणीचं आहे. असं रेकॉर्डिंग मिळालं की दुवा इथे देतो, वहिनींना पुन्हा तुकडे लावायला सांगा.

वसईवाला

आणि मेंडेलसोनचा सहावाही लावा त्यात. शेवटची आन्दान्ते तरी.