चामड्याच्या कडेची रेघ : 'क्रीझर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

हातानं पट्टे आणि पाकिटं शिवायला शिकणाऱ्यांसाठी हत्यारांची माहिती मराठीत लिहितो आहे. रापी (चामडं कापायचं पातं), आरी (भोकं पाडायची), ठसा, हातोडी इथवर काही अडचण आली नाही. गाडी अडली ती 'क्रीझर'पाशी. चांगल्या पट्ट्याच्या काठाला समांतर जी नाजूक रेघ धावते, ती काढायचं हे हत्यार. शब्दकोशात 'क्रीज'ला सुरकुती, चुणी, घडी असे प्रतिशब्द मिळतात, पण 'सुरकुती पाडण्याचं हत्यार' असं लिहायला हात धजत नाही. 'खाचणी' कसं वाटतं? शिवाय कर्कटक, क्रीझर आणि ग्रूव्हर यांतलं नवशिक्यानं आधी काय घ्यावं, तेही सांगा.

उत्तर

सुरकुती नकोच. या कामात त्या शब्दाला आधीपासून जागा आहे. जनावराच्या पोटाकडचं सैल चामडं वाकवलं की वरच्या पापुद्र्यावर बारीक जाळी उठते, ती सुरकुती. तो मालातला दोष. हौसेनं काढलेल्या रेघेला त्याच नावानं हाक मारली तर शिकणारा गोंधळणारच.

'खाचणी'लाही माझा विरोध आहे आणि तो जरा जोरात नोंदवतो. खाच म्हटलं की काहीतरी कापून बाहेर काढलेलं असतं. क्रीझर काहीच कापत नाही. त्याचं टोक बोथट आणि गुळगुळीत असतं. ते चामड्याचे तंतू दाबून खाली बसवतं आणि घासून तिथं चकाकी आणतं. कापतो तो ग्रूव्हर. त्याच्या बारीक पात्यातून चामड्याची दोऱ्यासारखी सळी निघते आणि मागे चर राहतो. चर पाडण्यामागे कारणही असतं : शिवण त्यात खाली बसते, त्यामुळे दोरा घासून लवकर झिजत नाही. जाड पट्ट्याला ते ठीक. पाकिटाच्या एक-सव्वा मिलिमीटर चामड्यात चर पाडणं म्हणजे शिवणीच्या जागीच ते कमकुवत करणं. म्हणून हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका.

माझी सूचना : हत्याराचं नाव 'क्रीझर'च ठेवा, दुकानात तेच मागावं लागणार आहे. रेघेला 'दाबरेघ' म्हणा आणि क्रियापद 'रेघ दाबणे'. ग्रूव्हरसाठी 'चर कोरणे'. फ्रेंच कारागीरही या कामाला रेघेवरूनच नाव देतात. 'फिले' म्हणजे बारीक रेघ, त्यावरून 'फिल्ते', म्हणजे तशी रेघ ओढणं. सुरकुती-घडीचा घोळ इंग्रजीतून आला आहे, तो आपण कशाला ओढवून घ्यायचा?

पुस्ती

'दाबरेघ' आवडला. आता खरेदीचं.

दोन टोकांचा स्क्रूवाला क्रीझर आधी घ्यावा. त्याचं एक टोक चामड्याच्या कडेला बाहेरून टेकून चालतं, दुसरं आत रेघ दाबतं. मधला स्क्रू फिरवला की काठापासूनचं अंतर बदलतं. एकच हत्यार पाकिटाला दीड मिलिमीटरवर आणि पट्ट्याला तीनवर चालतं. ठरावीक अंतराचे क्रीझर हाताला जास्त स्थिर वाटतात, पण प्रत्येक अंतराला वेगळं हत्यार लागतं. रोज एकच माल काढणाऱ्यानं ते घ्यावेत. विकत घेताना आतलं टोक नखावर फिरवून बघा. ओरखडा उठला तर ते रेघ दाबणार नाही, चामडं फाडेल. बारीक पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करता येतं.

कर्कटक, म्हणजे स्क्रूचं, कंपासपेटीतलं नव्हे, आखणीसाठी उत्तम. शिवणीची ओळ त्यानं आखावी. मात्र त्याची टोकं अणकुचीदार असतात, शोभेच्या रेघेसाठी ती नकोत.

हत्याराइतकंच महत्त्व चामडं कसं कमावलंय याला आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसलं चामडं, ओल्या स्पंजानं जरा दमट केलं की थंड क्रीझरनंही रेघ धरतं. पहिला हात हलका, फक्त वाट पाडायला. त्याच वाटेनं दुसरा, तिसरा हात दाबून. रेघ गडद होऊन आतून चमकायला लागली की थांबावं. क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ आणि लवचिक, त्यात दाबलेली रेघ थोड्या वेळात वर येते. तिथं क्रीझर स्पिरिटच्या दिव्यावर गरम करावा लागतो आणि चामडं कोरडं ठेवावं लागतं. ओल्या चामड्यावर तापलेलं लोखंड टेकवलं तर काळा डाग पडतो, आणि तो कशानंही निघत नाही. म्हणून आधी त्याच चामड्याच्या तुकड्यावर बघायचं.

आणखी एक

'एज'साठी तुम्ही कड, काठ आणि किनार हे तिन्ही सरमिसळ वापराल अशी भीती वाटते. कृपा करून वेगळे ठेवा. कापल्यावर चामड्याची जी जाडी बाजूनं दिसते ती कड : ती घासायची, रंगवायची, गुळगुळीत करायची. वरच्या पृष्ठभागावर कडेलगतची पट्टी म्हणजे काठ, लुगड्याचा असतो तसाच. दाबरेघ काठावर येते, कडेवर नाही. 'धार' हा शब्द रापीच्या पात्यासाठी ठेवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कड-काठाचा फरक मी तसाच घेतो. ओळ अशी लिहिली आहे : 'स्क्रूचा क्रीझर कडेला टेकवून काठावर रेघ दाबावी. जाड पट्ट्याला शिवण बसवायची असेल तरच ग्रूव्हरनं चर कोरावा.' पट्ट्याच्या गोल टोकाशी मात्र क्रीझर घसरतो. तिथं काय करावं?

उत्तर

वळणावर हत्यार जागीच धरा आणि दुसऱ्या हातानं चामडं फिरवा. लांब टोकाचा क्रीझर वळणात आडवा पडतो, म्हणून टोक जितकं आखूड तितकं बरं. आणि त्याआधी गोलाई रापीनं एका दमात कापलेली असू द्या. बाहेरचं टोक कडेला टेकून चालतं, त्यामुळे कड जिथं दातरली असेल तिथं दाबरेघही तशीच थरथरते.