मदत हवी आहे: मोठं किंवा विशेष गरजा असलेलं मूल दत्तक घ्यायची तयारी (कराड)

कोयनाकाठ: आमची वयं ४६ आणि ४३. घरात नऊ वर्षांची मुलगी. कारा म्हणजे दत्तक प्रक्रिया पाहणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर नोंदणी करतोय. पाच ते सात वर्षांचं मूल, किंवा उपचारानं सावरता येईल अशी अडचण असलेलं लहान मूल, दोन्ही चालेल. गृहभेटीत काय सांगायचं, मुलाची फाइल आली की काय बघायचं आणि वर्षाच्या मध्येच मूल आलं तर शाळेचं काय? 'सगळं देवावर सोडा' सोडून काहीही सांगा.

सातारी_कंदी: आधी वयाचा हिशेब. जोडप्याच्या वयांची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० आणि चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० पर्यंत चालते. तुमची ८९ आहे. हे वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात, म्हणून दोन ते चार वर्षांच्या मुलाचा पर्याय ठेवायचा असेल तर नोंदणी लांबवू नका. नोंदणीनंतर ३० दिवसांत कागदपत्रं अपलोड करावी लागतात. मुलगी पाचच्या पुढची असल्यानं तिचीही संमती लागते. तिच्याकडून नुसती सही घेऊ नका. खोली, आईबाबांचा वेळ, सायकल, काय काय वाटून घ्यावं लागेल ते तिला स्पष्ट सांगा.

गृहभेटीला येणाऱ्या समाजसेविका परीक्षक नसतात, त्यांच्यासाठी घर रंगवत बसू नका. 'विशेष गरजा चालतील' असं मोघम म्हणू नका, नावं घेऊन बोला. दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडं पाऊल, एका कानानं कमी ऐकू येणं चालेल. दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागणारा थॅलसेमिया झेपणार नाही. नकार नोंदवण्यात कसलीच लाज नाही. मूल घरी आल्यावर हात वर करणं त्याहून फार वाईट.

मिरज_जंक्शन: फाइलमध्ये दोन मुख्य कागद असतात, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल. दुसरा तुमच्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवता येतो, दाखवाच. मिरज किंवा कराडच्या मेडिकल कॉलेजमधला बालरोगतज्ज्ञ गाठा. मी या क्रमानं बघेन:

वजन, उंची आणि डोक्याचा घेर, पण एका दिवसाचे नव्हे, महिन्यामहिन्यांचे आकडे. संस्थेतल्या मुलांची वाढ आणि बोलणं बऱ्याचदा मागे असतं आणि घरी आल्यावर भरून येतं. डोक्याचा घेर वाढायचा थांबला असेल तर मात्र ती वेगळी गोष्ट. मग तपासण्यांच्या तारखा. दीड वर्षाआधी केलेली एचआयव्हीची अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह असेल तर त्या अँटिबॉडी आईकडून आलेल्या असू शकतात. थेट विषाणू शोधणाऱ्या पीसीआर चाचणीशिवाय निष्कर्ष काढू नका. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असेल तर घरातल्या सगळ्यांची लस आधीच सुरू करा, कारण ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस लागतात. बोलणं मागे असेल तर कानाची बेरा चाचणी झाली आहे का, तेही विचारा. शिवाय मूल खेळतंय, जेवतंय असा दोन-तीन मिनिटांचा ताजा व्हिडिओ मागा. फोटोवरून काहीही कळत नाही.

मोठ्या मुलाची जन्मतारीख पुष्कळदा हाडं-दात बघून अंदाजानं लिहिलेली असते. वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज निघतो.

कोयनाकाठ: हे लक्षातच आलं नव्हतं. मग इयत्ता कशी ठरवायची?

सातारी_कंदी: शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात, वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो; दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. पण वय अंदाजाचं असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून एक इयत्ता खाली घाला. आणि पहिले सहा-आठ आठवडे शाळेचं नावही काढू नका. घर, शाळा आणि भाषा एकदम बदलली की मूल गप्प होतं, आणि लोक त्याला 'शहाणं बाळ' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते गादीखाली पोळ्या लपवतं, खोटं बोलतं, अंथरूण ओलं करतं. तेव्हा खाण्याचा एक डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवा, रिकामा झाला की मुकाट्यानं भरा.

मूल परराज्यातलं असेल तर सांभाळणाऱ्या मावशींकडून वीस-पंचवीस शब्द आधीच लिहून आणा: पाणी, दुखतंय, शू, भूक, पुरे, भीती. तिथलं एखादं न धुतलेलं पांघरुणही मागा, ओळखीच्या वासानं झोप लागते.

नावाचं राहिलंच. पाच वर्षांपुढच्या मुलाचीही दत्तकासाठी संमती घेतात, मग नावही त्याला विचारूनच. आत्या बारशाला कितीही हट्ट करोत.

मिरज_जंक्शन: अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या दत्तक आदेशानंतर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नव्या नावानं करून घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर 'निरामय' या सरकारी आरोग्य विम्यात एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं. आणि दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याला माणूस येईल. अडचणी त्यांच्यापासून लपवू नका, समुपदेशन तिथूनच मिळतं.

कोयनाकाठ: लिहून घेतलं. उद्या कागदपत्रांना लागते. लसीचं आजच विचारते.