एका एचसीएलला पाण्याचे किती रेणू लागतात?

खारीबिस्किट

केमिस्ट्रीवाल्यांनो, जरा डोकं लावा. माझं चालेनासं झालंय.

एमएस्सीच्या शेवटच्या सेमला कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीचा, म्हणजे संगणकावर रेणूंचं गणित करायचा, छोटा प्रोजेक्ट घेतलाय. ऐकायला अगदी सोपा. एचसीएलचा (हायड्रोक्लोरिक आम्लाचा) एक रेणू घ्यायचा, त्याच्याभोवती पाण्याचे रेणू एकेक करून वाढवायचे आणि प्रोटॉन कधी सुटतो ते बघायचं. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं: एचसीएल अधिक पाणी, बाण, हायड्रोनियम (प्रोटॉन घेतलेलं पाणी) अधिक क्लोराइड. शाळेपासून लिहितेय ती ओळ. माझ्या लॅपटॉपवर तो बाण काही केल्या पुढे सरकत नाही.

ऑर्का हे सॉफ्टवेअर वापरतेय, पद्धत बी३एलवायपी, बेसिस (इलेक्ट्रॉन कसे पसरू शकतात ते मांडणारा फलनांचा संच) ६-३१जी(डी). नुसत्या रेणूत एच आणि सीएलमधलं अंतर आलं १.२९ अँगस्ट्रॉम. एक पाणी लावलं, १.३१. दोन, १.३४. तीन, १.३७. म्हणजे बंध ताणला जातोय, पण सुटायचं नाव नाही. चारला सुटेल अशी खात्री होती. चार पाणी एका रांगेत लावून दिली, तरी गडी ढिम्म.

सर म्हणाले, "स्ट्राँग ॲसिड आहे, तुटायलाच हवं. इनपुट चुकलंय तुझं." कुठे चुकलंय ते नाही सांगितलं.

त्यात कॉलेजची लॅब सहाला बंद. म्हणून सगळं घरी, लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून. परवा पाच पाण्यांची फ्रिक्वेन्सी (अणूंच्या कंपनांचं गणित, रचना खरंच स्थिर आहे का ते त्यावरून कळतं) रात्रभर लावून झोपले. पहाटे आईने "केवढा तापलाय गं, पेटेल" म्हणून बोर्डावरचं बटण बंद केलं. बॅटरी केव्हाच गेलेली आहे. पुढचं सांगत नाही.

तर, चूक माझी की पुस्तकाची? आणि आम्ल एवढं तगडं आहे, तर एकच पाणी का पुरत नाही?

अर्धवट

पुस्तकाची. त्यातल्या एका पाण्यामागे अख्खा ग्लास उभा असतो, तो छापत नाहीत.

(मी कॉमर्सचा. वाचायला बसलोय.)

पिंपळपान

खारी, तुझ्या इनपुटमध्ये दोन गोष्टी खटकतात, त्यांच्याकडे येतोच. पण एक, दोन, तीनचं उत्तर बरोबर आहे. तिथे तुटायला नकोच. सरांना हा हिशेब दाखव.

मुंबईत घर घेतोय असं समज. क्लोराइडच्या हातून प्रोटॉन सोडवायचा, तर वायुरूपात त्याची किंमत मोलमागे साधारण १३९५ किलोज्यूल. तोच प्रोटॉन पाण्याच्या एका रेणूने घेतला की परत मिळतात ६९१. म्हणजे सातशेची तूट. सुटलेले दोघे विरुद्ध प्रभाराचे आणि शेजारी शेजारीच आहेत, त्या आकर्षणाचे आणखी जमा धर. २.९ अँगस्ट्रॉमवर ते ४८०च्या आसपास भरतं. तरी सव्वादोनशे कमीच. हे कर्ज एकट्या पाण्याला कोण देणार? व्यवहार होत नाही. एचसीएल आहे तसा राहतो आणि पाण्याशी नुसता हायड्रोजन बंध करतो. तुझं १.३१ म्हणजे तेच.

आता बाकीचे येऊ देत. हायड्रोनियमला पहिलं पाणी चिकटलं की १३०च्या आसपास सुटतात, दुसऱ्याचे ऐंशीच्या वर, तिसऱ्याचे सत्तरच्या वर. पलीकडे क्लोराइडलाही पाणी आवडतं, पहिल्याचे साठेक. मधे पाणी शिरल्यामुळे दोन्ही आयन लांब जातात, तेवढं आकर्षण वजा कर. न तुटलेल्या गटालाही स्वतःचे हायड्रोजन बंध असतात, तेही वजा कर, हे लोक हमखास विसरतात. हे सगळं करून चारच्या आसपास जमाखर्च जुळतो. पण अगदी काठावर. म्हणूनच पद्धतीतली बारीकशी चूक इथे निकाल फिरवते.

आता तुझ्या दोन चुका.

क्लोराइडवरचा जादा इलेक्ट्रॉन पसरट असतो. ६-३१जी(डी)मध्ये त्याला पाय पसरायला जागा नाही, त्यामुळे आयनांची बाजू विनाकारण महाग दिसते. शिवाय त्या बेसिसमध्ये हायड्रोजनला पी फंक्शन्स, म्हणजे इलेक्ट्रॉनला एका बाजूला झुकायची मुभा, नाहीत, आणि इथे सगळा खेळ हायड्रोजनचाच. निदान ६-३१+जी(डी,पी) घे. त्यातलं अधिकचं चिन्ह म्हणजेच पसरायला दिलेली जागा.

दुसरी चूक मोठी. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कमी ऊर्जेची रचना शोधणं, ही उतारावर सोडलेली गोटी. जवळचा खड्डा लागला की थांबते. पलीकडे जास्त खोल खड्डा असला तरी टेकाड चढून ती जाणार नाही. तू रांग लावून दिलीस, तिला रांगेतलाच खड्डा सापडला. तुटलेली रचना तू स्वतः बांधून द्यायला हवीस. खाली हायड्रोनियम ठेव. त्याचे तीन हायड्रोजन तीन पाण्यांकडे. त्या प्रत्येक पाण्याचा एकेक हायड्रोजन वर क्लोरीनकडे. तिवईसारखी दिसेल. ती टिकते का बघ, मग दोन्ही रचनांच्या ऊर्जा शून्यबिंदू ऊर्जा (कितीही थंड केलं तरी उरणारी कंपनांची ऊर्जा) धरून ताड.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. जर्मनीतल्या बोखुमच्या गटाने २००९मध्ये हेलियमच्या थेंबांत, ०.३७ केल्व्हिनला, एचसीएलला पाणी एकेक करून चारलं आणि चौथ्याला आयन झाल्याचं मांडलं. त्या वर्णपटाचा अर्थ कसा लावायचा यावर नंतर वाद झाले, पण तुझ्या रिपोर्टच्या प्रस्तावनेत हे हवंच.

वरळीकर_काका

मी शिकलो तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, पण या आम्लाच्या संगतीत एकतीस वर्षं काढली. कारखान्यात पोलादाच्या पट्ट्या पिकलिंगला यायच्या, गंज काढायला. बूच सैल केलं की पांढरा धूर. पावसाळ्यात जास्तच, हवेतली वाफ मिळते ना त्याला. माझ्या चावीच्या जुडग्यावर अजून तांबूस डाग आहेत.

हे वाचून सहज आकडेमोड केली. बाटलीतलं तीव्र आम्ल ३७ टक्के. शंभर ग्रॅममध्ये ३७ ग्रॅम एचसीएल म्हणजे एक मोल आणि वर थोडं. उरलं ६३ ग्रॅम पाणी, साडेतीन मोल. म्हणजे एका एचसीएलमागे साडेतीन पाणी! तुमच्या चारच्या जवळच. पाणी पुरत नाही म्हणून धूर येतो, असं म्हणावं का? उकळत ठेवलं की साधारण २० टक्क्यांवर येऊन स्थिरावतं, १०८ अंशांच्या पुढे, मग वाफ आणि द्रव एकाच प्रमाणात. तिथे एकामागे आठ पाणी पडतात.

पिंपळपान

काका, साडेतीनचा हिशेब मी कधी करून पाहिला नव्हता! पण त्यावर इमला नको चढवू या. खारीच्या गटातलं प्रत्येक पाणी त्या एकाच एचसीएलचं आहे, भोवती पोकळी. बाटलीत प्रत्येक पाणी आजूबाजूच्या तिघाचौघांत वाटलेलं असतं आणि आयनांना इतर आयनांचाही आधार असतो. तरी पाणी कमी पडलं की काही एचसीएल पुन्हा जुळून वायू होऊन निसटतो, एवढं तुमचं खरं.

उलट टोकाचं उदाहरण सांगतो. एचसीएल आणि पाणी एकास एक घेऊन गोठवलं तर स्फटिक मिळतो, आणि त्यात हायड्रोनियम आणि क्लोराइड सुटेसुटे असतात. एकाच पाण्यात! कारण चारी बाजूंना शेजारी आहेत. खारी, तुझ्या सरांचं "तुटायलाच हवं" तिथे खरं ठरतं. पोकळीतल्या जोडीला ते लागू नाही.

अर्धवट

मग एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) का नाही तुटत? त्याचं नाव ऐकून तर लोक पळतात.

पिंपळपान

त्याच वहीत बघ. फ्लोराइडकडून प्रोटॉन सोडवायला १५५४ लागतात, म्हणजे सुरुवातच दीडशेच्यावर जास्त तुटीने. छोटं फ्लोराइड पाण्याला जास्त घट्ट धरतं, थोडी भरपाई होते, पण पुरत नाही. म्हणून पाण्यात ते दुबळं आम्ल. काच खातं आणि हाडापर्यंत जातं, तो वेगळा गुण.

खारीबिस्किट

चार दिवसांनी येतेय, पण काम झालंय.

६-३१+जी(डी,पी) घेतलं. एक ते तीन पुन्हा केले, तुटत नाहीत. आता त्याचं वाईट वाटत नाही. मग तिवई बांधली. हाताने निर्देशांक भरताना एक हायड्रोजन चुकून क्लोरीनच्या पोटातच ठेवला होता, पहिल्याच पायरीला सगळं उधळलं. दुसऱ्यांदा नीट बसली. पण फ्रिक्वेन्सीत एक काल्पनिक आली, म्हणजे रचना अजून खड्ड्यात नीट बसलेली नव्हती. उघडून बघितलं तर एका पाण्याचा मोकळा हायड्रोजन, जो कुणालाच धरत नाही, तो भलतीकडे तोंड करून बसलेला. त्याला हलवलं त्या बाजूला ढकलला, पुन्हा लावलं. आता एकही काल्पनिक नाही. हायड्रोनियमचे तिन्ही बंध एकाच मापाचे, १.०३. तो आकडा स्क्रीनवर बघून मी मोठ्याने ओरडले, शेजारच्या काकू दारात आल्या.

रांगवाली रचनाही याच बेसिसमध्ये परत केली. तीही खरीच आहे, तिथेही काल्पनिक नाही. दोन्हींत फरक दोन किलोकॅलरींच्या आत, तिवई खाली. सरांना दोन्ही एकाच पानावर छापून दिल्या, खाली पिंपळपानचा हिशेब. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पाच पाण्यांचं कर."

पाच चालू आहे. काका, साडेतीनचं गणित तुमच्या नावाने तळटीपेत घालू का? खरं नाव व्यनिमधून कळवा.

बोर्डावरच्या बटणावर चिकटपट्टी लावून "बंद करू नये" लिहिलंय. आईने खाली पेन्सिलने लिहिलंय, "कधीपर्यंत?"