प्रतिसाद: एमरी आणि लोर्का

स्पॅनिश फुटबॉल कोच उनाई एमरीबद्दल एकाने लिहिलंय की तो खेळाडू म्हणून यथातथाच होता, मग नशिबानं कोच झाला. यातलं पहिलं मान्य. रेआल सोसिएदादकडून ला लीगाचे (स्पेनची अव्वल लीग) 5 सामने, बाकी वर्षं तोलेदो, फेरोल, लेगानेस अशा दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या क्लबांत गेली. पण पुढचं नशिबाचं काही पटलं नाही.

लोर्का या स्पॅनिश क्लबकडून तिसऱ्या पातळीवर खेळताना त्याचा गुडघा गेला. 2004-05चा सीझन मध्यावर आलेला, क्लबने त्यालाच कोच केलं. कालपर्यंत शेजारी बसून बूट बांधणाऱ्यांना आज बाकावर बसवायचं! त्याच सीझनमध्ये लोर्का सेगुंदात (दुसऱ्या पातळीवर) चढलं, पुढच्या वर्षी ला लीगा थोडक्यात हुकलं. मग अल्मेरिया क्लबलाही त्याने ला लीगात नेलं. हे त्याने सेविया क्लबला सलग तीन वेळा (2014-16) युरोपा लीग ही युरोपीय स्पर्धा जिंकून दिली, त्याच्या बरंच आधीचं.

पुढे पॅरिस (पीएसजी) आणि आर्सेनल या बड्या क्लबांत बिनसलं, खरंय. बड्या स्टार्सपेक्षा ऐकणारी मंडळी त्याला जास्त मानवतात, असं माझं मत. 2021ची युरोपा लीग फायनल आठवा: त्याच्या व्हियारेआलने मँचेस्टर युनायटेडला पेनल्टींवर 11-10 हरवलं. 22 पैकी एकच हुकली, तीही गोलकीपर दे हेआची.