भाड्याचं छोटं किचन : फ्रीज-मिक्सर-ओव्हन कुठं ठेवता आणि कसं सांभाळता? (अनुभव लिहा)

सांगलीत विश्रामबागला भाड्यानं राहतोय, किचन एवढंच की ओटा संपला की लगेच दार. त्यात फ्रीज, मिक्सर, इंडक्शन, ओव्हन, प्युरिफायर आणि भरीस भर म्हणून सासूबाईंनी हौसेनं पाठवलेली घरगुती चक्की. घरमालक माणूस चांगला आहे पण भिंतीला ड्रिल मारायचं नाही, करारातच लिहून घेतलंय. पॉइंट दोनच, एक ओट्यावर आणि एक फ्रीजचा. तुम्ही लोकांनी कसं बसवलंय ते सांगा, फोटोतल्या मॉड्युलर किचनच्या आयडिया नकोत, खरं वापरातलं सांगा.

गावभागवाली
आमच्याकडं जागेचा प्रश्न नंतर, आधी पाण्याचा. तळमजल्यावर भाड्यानं राहायचं म्हणजे पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघूनच झोपायचं. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतंय. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गल्लीत ज्यांनी सामान नुसतं ओट्यावर चढवून ठेवलं होतं त्यांचं सगळं गेलं, ओटा काय नि माळा काय. म्हणून आता आमची मांडामांडच उचलायच्या हिशोबानं आहे. मिक्सर, इंडक्शन, ओव्हन दाराजवळच्या लोखंडी मांडणीत, खोकी आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवलेत, पाणी चढायला लागलं की खोक्यात घाला आणि वरच्या मजल्यावर पोचवा, वरच्या काकूंशी तसं ठरलेलंच आहे. फ्रीजला मात्र दोन गडी लागतात. आधी प्लग काढून रिकामा करायचा, दार नाड्यानं बांधायचं, होईल तेवढा उभाच न्यायचा, आडवा टाकला तर कॉम्प्रेसरचं तेल पाइपात जातं. वर नेल्यावरही लगेच चालू करायचा नाही, दोन-तीन तास तसाच उभा सोडायचा आणि आडवा करावाच लागला असेल तर त्याहून जास्त.
आणि बुडालेली वस्तू वाळलेली दिसली तरी प्लग लावू नका ओ. पुराचा गाळ मोटरीत, कनेक्शनमध्ये जाऊन बसतो, बाहेरून चकाचक पुसलं तरी आत तो असतोच. मेकॅनिककडून खोलून बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

मिरजेचा वायरमन
धंदाच हा आहे म्हणून लिहितो. वस्तू कुठं बसतीय हे नंतर बघा, आधी पॉइंट कुठला ते बघा. बारीक पिनांचा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टनं धरलं तर १३८० वॅटच्या आतबाहेर. इंडक्शन फुल्ल केलं की २००० वॅट खातं, त्याला जाड पिनांचा १६ चाच पॉइंट पाहिजे. लोक काय करतात, जाड पिनेला कन्व्हर्टर लावून बारीक पॉइंटात घालतात आणि मग बोर्ड पिवळा पडला म्हणून मला बोलावतात. मिक्सर, प्युरिफायर बारीकवर चालतंय. ओव्हन आणि इंडक्शन एका एक्स्टेंशनवर कधीच नको, आणि एक्स्टेंशन सिलिंडरशेजारी जमिनीवर तर अजिबात नको, गॅस हवेपेक्षा जड असतो, लीक झाला तर खालीच साठतो, तिथं ठिणगी उडाली की संपलं. घरमालकाला ड्रिलसाठी विचारू नका, १६ च्या एका जादा पॉइंटसाठी विचारा, तो पॉइंट त्यांच्याच घरात राहतो म्हणून बहुतेक जण हो म्हणतात. जुन्या वाड्यात राहत असाल तर अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवता आला तर बघा, फ्रीजच्या दाराला मुंग्या येतात म्हणून गप्प बसणारी घरं मी लई बघितलीत.

शाहूपुरी, सातारा
आमच्याकडं पूर नाही पण ओल आहे. जून ते सप्टेंबर अजिंक्यताऱ्याकडून येणारा तो पाऊस आणि किचनची भिंत घाम आल्यासारखी ओली. भिंतीला टेकवून काहीच ठेवत नाही, चार बोटं जागा सोडतो, फ्रीजला तर ती तशीही लागतेच, मागची गरम हवा जाणार कुठून? आणि झुरळं! ओव्हनच्या घड्याळाच्या काचेआड एक फिरत होतं, आकड्यांवरनं चालताना सरळ दिसायचं, मुलं रोज हजेरी घ्यायची. त्यांना ऊब लागते म्हणून जाळीतून आत शिरतात. बोरिक पावडर कणकेत मळून गोळ्या मागं ठेवतो (लहान मूल, मांजर असेल तर नको) आणि रात्री ओट्यावर खरकटं ठेवत नाही. प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलं, आत ओल धरतं, आता जुन्या साडीचं शिवलंय, मशीन गार झाल्यावरच घालायचं.

हळदवाली
मिक्सर जपायचा असेल तर त्यात अख्खी हळकुंडं घालू नका एवढंच सांगते. सांगलीत राहून गिरणीत दळायला काय धाड भरलीय. बंद पडला तर बुडाशी लाल बटण असतं, गार झाल्यावर ते दाबून बघा, मग दुकानात पळा.

गावभागवाली
फ्रीज हॉलमध्ये ठेवा की ओ! पाहुणे काय म्हणतील म्हणून आमच्या ह्यांनी आधी तोंड वाकडं केलेलं, आता टीव्ही बघता बघता गार पाणी मिळतंय तर बोलत नाहीत. गॅसशेजारी ठेवला तर कॉम्प्रेसरला विसावाच नसतो.

विश्रामबाग
फ्रीज हॉलमध्ये, ठरलं. मग त्याच्या पॉइंटवर चक्की चालेल का? आणि इकडं उन्हाळ्यात व्होल्टेज फार पडतं, स्पाइक गार्ड पुरेल का?

मिरजेचा वायरमन
फ्रीजचा पॉइंट १६ चा असेल तर चक्की चालेल, एक एचपीची मोटर असते साधारण, पण त्याच वेळी दुसरं काही लावू नका. पीठ उडतं म्हणून खिडकीशी ठेवा, महिन्यातनं एकदा जाळी झाडा. स्पाइक गार्ड पडलेलं व्होल्टेज उचलत नाही, फ्रीजला स्टॅबिलायझरच घ्या, टाइम डिले असलेला, म्हणजे लाइट गेली-आली गेली-आली झालं तरी कॉम्प्रेसर लगेच उठत नाही. तो फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नका, शेजारी स्टुलावर ठेवा, आणि त्यावर गणपतीचा फोटो नि फुलदाणी नको.