प्रतिसाद: दारूवाला म्हणून मोडीत काढू नका

‘वाइनच्या पैशावर राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला हौशी माणूस’ हे जॉर्जिया या देशातल्या विरोधी नेत्याचं, लेवान गाचेचिलाद्झेचं, इथे केलेलं वर्णन निम्मंच पटलं. पैसा होता, नाही कोण म्हणतंय! जॉर्जियन वाइन म्हटली की आपल्याला वाइन मुरवायला जमिनीत तोंडापर्यंत पुरलेले मातीचे रांजण आठवतात. याची कंपनी मात्र बाटलीबंद निर्यातीतली, फ्रान्सच्या पर्नो रिकार या मद्यकंपनीचं भांडवल आलेली. पण गडी १९९९ पासून खासदार होता, थेट २००८ मध्ये उगवला नव्हता. ५ जानेवारी २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आधीचे राष्ट्राध्यक्ष साकाश्विलींना ५३ टक्क्यांच्या वर मतं पडली, याला जेमतेम २६, तरी राजधानी तिबिलिसीत हाच पुढे होता. मार्चमध्ये तर उपोषणालाही बसला.

इथे कुणीच न लिहिलेली गंमत म्हणजे त्याचं आश्वासन. निवडून आलो तर राष्ट्राध्यक्षपदच मोडीत काढून संसदीय पद्धत आणतो आणि माजी परराष्ट्रमंत्री सालोमे झुराबिश्विलींना पंतप्रधान करतो, असं म्हणत तो मतं मागत होता. पुढे तिथे संसदीय पद्धत आली, पद मात्र राहिलं. आणि २०१८ मध्ये त्यावर निवडून आल्या त्या याच झुराबिश्विली.