ड्रॉप-डाउनच्या याद्या एकदाच करून सगळीकडे वापरता का? तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात कामांच्या शीटमध्ये किती कामं "पूर्ण" झाली ते मोजायला बसले तर आकडा काही केल्या जुळेचना. शेवटी एकेक ओळ बघितली तर कोणी पूर्ण लिहिलंय, कोणी पुर्ण, कोणी "पूर्ण झाले", आणि काही ठिकाणी शब्दापुढे एक स्पेस, जी आपल्याला दिसतच नाही पण काउंटइफला (अटीत बसणारे सेल मोजणाऱ्या फॉर्म्युल्याला) मात्र बरोब्बर दिसते. ड्रॉप-डाउन (सेलवरचा बाण दाबला की उघडणारी, त्यातून निवडायची यादी) होते हो, पण प्रत्येक शीटमध्ये वेगळे टाईप केलेले, त्यामुळे ते एकमेकांशीच जुळत नव्हते. आता सगळ्या याद्या एका शीटवर आणल्यात आणि खूप हलकं वाटतंय. तुम्ही कसं करता, कुठे अडलात, ते सविस्तर लिहा, नवीन शिकणाऱ्यांना फार उपयोग होईल.

*

मी स्टॉकची शीट सांभाळतो. सुरुवातीला एक्सेलच्या डेटा व्हॅलिडेशनमध्ये (सेलमध्ये काय भरता येईल याचा नियम लावतो तिथे) लिस्ट निवडून सोर्सच्या चौकटीतच स्वल्पविराम देऊन वस्तूंची नावं टाईप करायचो. यादी वाढत गेली आणि एके दिवशी एक्सेल पुढे टाईपच करू देईना, तेव्हा कळलं की त्या चौकटीत स्वल्पविराम धरून 255 अक्षरंच मावतात. मग "याद्या" नावाची वेगळी शीट केली, वर मथळा, खाली नावं, आणि कंट्रोल टी दाबून त्याचं टेबल केलं. इथे मी अख्खी दुपार अडलो होतो म्हणून नीट सांगतो: टेबलचं नाव थेट सोर्समध्ये लिहिलं तर एक्सेल घेत नाही, एरर देतं. टेबलमधल्या त्या कॉलमचा मथळा सोडून बाकीचा भाग सिलेक्ट करायचा, फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये एक नाव द्यायचं, स्पेस न देता, आणि एंटर दाबायचं. मग सोर्समध्ये बरोबरचं चिन्ह आणि ते नाव. नाव आठवत नसेल तर तिथेच एफ 3 दाबा, सगळ्या नावांची यादी समोर येते. आता नवीन वस्तू आली की टेबलच्या खाली लिहायची, टेबल आपोआप वाढतं आणि त्या वर्कबुकमधल्या सगळ्या शीट्सवरच्या ड्रॉप-डाउनमध्ये ती वस्तू दिसते. एक्सेल 2007 पर्यंत तर दुसऱ्या शीटवरची यादी थेट देताच यायची नाही, नाव देऊनच काम व्हायचं, 2010 पासून थेट देता येते, पण मी आजही नावच देतो कारण सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी काय कुठून येतंय ते वाचून कळतं.

*

वरचं टेबलचं खरंच करा. मी टेबल न करता "पुढे लागतील" म्हणून यादीच्या खाली दहा रिकामे सेल धरून रेंजला (सेलच्या त्या पट्ट्याला) नाव दिलं होतं. झालं असं की ड्रॉप-डाउन दिसायचा, पण सेलमध्ये हाताने काहीही टाईप केलं तरी शीट मुकाट्याने घ्यायची, एरर नाही की काही नाही. आठवडाभर चुकीच्या नोंदी होत राहिल्या. कारण सापडलं ते असं, की नाव दिलेल्या रेंजमध्ये रिकामा सेल असेल आणि व्हॅलिडेशनमधल्या "इग्नोर ब्लँक" वर टिक असेल तर एक्सेल कुठलीही नोंद चालवून घेतं. टिक काढली, रिकामे सेल काढले, बंद झालं. ही गोष्ट कोणीतरी आधी सांगायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

*

कॉपी-पेस्टपासून सांभाळा!! दुसरीकडचा सेल साधा पेस्ट केला की तुमचं व्हॅलिडेशन पुसलं जातं. फक्त व्हॅल्यू पेस्ट केली तर नियम राहतो, पण पेस्ट केलेली नोंद यादीत आहे का हे तपासलं जात नाही. मी महिनाअखेरीला डेटा व्हॅलिडेशनच्या बाणाखालचं "सर्कल इनव्हॅलिड डेटा" चालवते, नियम शाबूत असलेल्या सेलमध्ये यादीबाहेरचं काही असलं की त्याभोवती लाल गोल येतो.

*

आमचं सगळं गुगल शीट्सवर, कारण एकाच वेळी बरेच जण भरतात. तिथे रेंज देताना शेवटची ओळ लिहायचीच नाही, म्हणजे ए 2 पासून ए पर्यंत (A2:A), मग खाली कितीही नावं वाढवा. आणि चुकीची नोंद आली तर नुसती वॉर्निंग न ठेवता "रिजेक्ट" ठेवा, वॉर्निंगकडे कोणी बघत नाही. दोन वेगळ्या फाइल्सना एकच यादी हवी असेल तर इम्पोर्टरेंजने यादी दुसऱ्या फाइलमधल्या एका शीटवर आणा, एकदा परवानगी द्यावी लागते, मग ड्रॉप-डाउन त्या शीटवरून घ्या.

*

मला विभाग निवडला की त्याच विभागाचे उपविभाग दिसायला हवे होते. प्रत्येक उपविभागाच्या यादीला विभागाचंच नाव दिलं आणि दुसऱ्या ड्रॉप-डाउनच्या सोर्समध्ये इनडायरेक्ट (सेलमधल्या मजकुराला रेंजचं नाव समजणारा फॉर्म्युला) वापरून पहिला सेल दिला. दोन शब्दांच्या विभागांवर गाडी अडली, कारण रेंजच्या नावात स्पेस चालत नाही. तिथे अंडरस्कोर घातला आणि फॉर्म्युल्यात सब्स्टिट्यूटने स्पेसच्या जागी अंडरस्कोर केला, चाललं. एक मात्र अजून हातानेच बघते, विभाग नंतर बदलला तरी आधी निवडलेला जुना उपविभाग तसाच राहतो.

*

मी अजून एक सांगतो, जे मला उशिरा कळलं. यादीतलं एक नाव बदललं तेव्हा मला वाटलं जुन्या नोंदीपण बदलतील, तर नाही, सेलमध्ये जे निवडलं गेलं ते साधा मजकूर म्हणूनच बसलेलं असतं. त्यामुळे पिव्होटमध्ये (नोंदींचा गोषवारा देणाऱ्या तक्त्यात) जुनं आणि नवं नाव वेगवेगळं दिसायला लागलं. आता नाव बदलायचं तर आधी फाइंड अँड रिप्लेसने जुन्या नोंदी बदलतो, "मॅच एन्टायर सेल" वर टिक करून, नाहीतर मोठ्या नावाच्या पोटातला शब्दही बदलतो, आणि मग यादीला हात लावतो. याद्यांच्या शीटवर शेजारी एक कॉलमही ठेवलाय, आधीचं नाव काय होतं आणि कधी बदललं, माझ्यानंतर ही फाइल जो घेईल त्याच्यासाठी.